निर्वात काँटॅक्टर : उभारणी, देखभाल आणि दक्षता

सांगली जिल्ह्यातील ताकारी व म्हैसाळ किंवा कराडजवळील टेंभू या उपसा सिंचन योजनांमुळे कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांतील शिवारापर्यंत चढत गेले. साखर कारखान्यांत उसाचे तुकडे व भुगा करणारी अवजड यंत्रे, सिमेंट कारखान्यांतील गिरण्या, मोठ्या शहरांची पाणीपुरवठा केंद्रे या सर्वांचा प्राण एकच : शक्तिशाली विद्युत मोटार. ही मोटार सर्वांच्या नजरेत भरते, पंपाचा आवाज दूरवर ऐकू येतो. परंतु दर वेळी मोटार सुरू करणारे आणि बंद करणारे साधन मात्र लोखंडी कपाटाच्या आड निमूटपणे काम करीत असते. अनेक ठिकाणी हे साधन म्हणजे निर्वात काँटॅक्टर, म्हणजेच प्रचलित भाषेत व्हॅक्युम काँटॅक्टर होय.

या साधनाची उभारणी व देखभाल हे तंत्रज्ञांचे काम आहे हे खरे. तथापि योजनेचे अंदाजपत्रक मंजूर करणारे अधिकारी, पाणीपुरवठ्याची जबाबदारी वाहणारे लोकप्रतिनिधी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक यांनाही त्याची तोंडओळख असणे हिताचे आहे. कारण देखभालीवरील खर्चाला कात्री लावली तर तिची किंमत पुढे पाणीटंचाईच्या, आणि कधी एखाद्या कामगाराच्या प्राणाच्या रूपाने मोजावी लागते.

मध्यम दाब की उच्च दाब?

प्रथम शब्दांचा एक घोळ दूर केला पाहिजे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांमध्ये ६५० व्होल्टपर्यंतच्या दाबाला मध्यम दाब आणि त्यापुढे ३३,००० व्होल्टपर्यंतच्या दाबाला उच्च दाब म्हटले होते. आंतरराष्ट्रीय तांत्रिक व्यवहारात मात्र १,००० व्होल्टच्या वरील, आपल्या उद्योगांत आढळणाऱ्या ३.३, ६.६ व ११ किलोव्होल्ट या दाबांना मध्यम दाब म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे कारखानदाराच्या माहितीपत्रकात जे साधन मध्यम दाबाचे म्हणून येते, तेच आपल्या कामगारांच्या बोलीत ‘एच.टी.’ असते. नावात ‘मध्यम’ असले तरी धोका मध्यम नाही, हे विसरता कामा नये.

एवढा दाब वापरण्याचे कारण साध्या हिशेबाने कळते. ५०० किलोवॅटची मोटार ४१५ व्होल्टवर चालविली तर ती सुमारे ८६० अँपिअर प्रवाह घेते. तीच मोटार ६.६ किलोव्होल्टसाठी बनविली असेल तर सुमारे ५४ अँपिअर पुरतात. केबल बारीक लागते व तारांतील वीजनाश घटतो. परंतु दाब वाढला की प्रवाह तोडणे कठीण होते. संपर्क एकमेकांपासून दूर होताच त्यांच्यामध्ये प्रखर विद्युतज्योत, म्हणजे आर्क, पेटतो आणि त्या वाटेने प्रवाह चालूच राहू पाहतो. पूर्वी हा आर्क हवेत लांबवून किंवा तेलात बुडवून विझवीत असत. हवेच्या पद्धतीत साधन अवजड होई व आर्कपेट्या वारंवार साफ कराव्या लागत. तेलाच्या पद्धतीत आगीचे भय असे.

पोकळीचे सामर्थ्य

अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत सोरेन्सन व मेंडेनहॉल यांनी निर्वातात प्रवाह तोडण्याचे प्रयोग केले. ते १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. तत्त्व सिद्ध झाले तरी वर्षानुवर्षे निर्वात टिकवून धरणारी नळी बनविण्याचे तंत्र परिपक्व होण्यास पुढे काही दशके लागली.

आजच्या काँटॅक्टरमध्ये तीन फेजसाठी तीन निर्वात नळ्या असतात. कामगार त्यांना ‘बॉटल’ म्हणतात. नळीचे कवच सामान्यतः चिनी मातीसारख्या सिरॅमिकचे असते. आत एक स्थिर व एक हलता असे दोन संपर्क असतात. हलत्या संपर्काच्या दांड्याभोवती लोहाराच्या भात्यासारखी घड्यांची, पातळ पोलादी नळी बसविलेली असते. त्यामुळे दांडा मागेपुढे सरकतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही. आतील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एक अब्जांश किंवा त्याहूनही कमी असतो.

संपर्क दूर होताना आर्क येथेही पेटतो; मात्र त्याला जगण्यासाठी हवा नसते. संपर्काच्या पृष्ठभागावरून निघालेली धातूची वाफ एवढाच त्याचा आधार. पन्नास आवर्तनांच्या आपल्या वीजपुरवठ्यात प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी वाफ थिजून संपर्कांवर व भोवतीच्या धातूच्या पडद्यावर बसते आणि पोकळी पुन्हा विद्युतरोधक बनते. म्हणूनच अवघ्या काही मिलिमीटरचे अंतर हजारो व्होल्ट अडवू शकते. संपर्कासाठी चांदी व टंग्स्टन कार्बाइड यांचे मिश्रण पुष्कळदा वापरतात. त्यामुळे प्रवाह शून्यापूर्वीच अकस्मात तुटण्याची प्रवृत्ती कमी राहते आणि मोटारीच्या वेटोळ्यांवर येणारे दाबाचे धक्के सौम्य होतात.

काँटॅक्टर आणि फ्यूज : श्रमविभागणी

काँटॅक्टर हा सर्किट ब्रेकर नव्हे. त्याचे वैशिष्ट्य सहनशीलतेत आहे. यांत्रिक दृष्ट्या दहा लाख किंवा त्याहून अधिक वेळा तो मिटू व उघडू शकतो. परंतु शॉर्टसर्किटचा प्रचंड प्रवाह तोडण्याचे बळ त्याच्यात नसते. ते काम त्याच्या पाठीशी असलेल्या उच्च क्षमतेच्या फ्यूजचे. जादा भार काँटॅक्टरने तोडावा आणि शॉर्टसर्किट फ्यूजने, अशी ही विभागणी आहे. एक फ्यूज उडाला तर मोटार दोनच फेजवर चालून जळू नये म्हणून फ्यूजमधील खुंटी बाहेर येऊन काँटॅक्टरला उघडावयास लावते. उडालेल्या फ्यूजच्या जागी हाताशी असेल तो फ्यूज बसविणे म्हणजे ही संपूर्ण योजना मोडीत काढणे होय.

उभारणी करताना

नवे पॅनेल आले की ते उघड्यावर किंवा ताज्या ओल्या बांधकामात ठेवू नये. वाहतुकीत सिरॅमिकला तडा गेला आहे काय, खूण केलेले बोल्ट सैल झाले आहेत काय, हे खोके उघडतानाच पाहून लेखी नोंद करावी. पायाचा पृष्ठभाग पाणसळीने तपासावा. तो वाकडा असेल तर गाडीसारखा आतबाहेर सरकणारा काँटॅक्टर आपल्या जागी नीट बसत नाही, जोडसंपर्क अर्धवट लागतात व तापतात.

बसबार व केबलचे बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, निर्मात्याने दिलेल्या मापानुसार आवळावेत आणि त्यावर रंगाची रेघ ओढावी, म्हणजे पुढे बोल्ट फिरला तर ते सहज दिसते. पॅनेलच्या सांगाड्याचे अर्थिंग सलग व पक्के असावे. केबल शिरण्याची भोके घट्ट बुजवावीत. उंदीर व पाली याच भोकांतून आत शिरतात आणि एका पालीमुळे संपूर्ण केंद्र अंधारात जाऊ शकते. समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून उंच ठिकाणी नळीच्या आतील निर्वातात फरक पडत नाही, परंतु बाहेरच्या विरळ हवेची रोधनशक्ती कमी होते. घाटमाथ्यावरील केंद्रासाठी मागणी नोंदवितानाच उंची कळवावी.

मोटारीचे संरक्षण करणारे सर्ज सप्रेसर आराखड्याप्रमाणे बसविले आहेत याची खात्री करावी. सुरू होत असलेली मोटार मध्येच बंद केली तर दाबाचे तीव्र धक्के संभवतात. नियंत्रणासाठी लागणारा वीजपुरवठा मोठी मोटार सुरू होतानाही पुरेसा राहतो काय, हे मोजून पाहावे. तो घसरला तर काँटॅक्टर थरथरतो आणि संपर्क अकाली झिजतात. उच्च दाब जोडण्यापूर्वी ‘टेस्ट’ स्थितीत काँटॅक्टर अनेकदा मिटवून-उघडून पाहावा आणि प्रत्येक इंटरलॉक तपासावा. काम अनुज्ञप्तिधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व लागू नियमांनुसार विद्युत निरीक्षकांची तपासणी व मंजुरी झाल्यावाचून दाब चढवू नये.

न दिसणारा दोष

निर्वात नळीला वंगण लागत नाही, तिची साफसफाई आतून करता येत नाही, ती उघडताही येत नाही. त्यामुळे ‘याला देखभालच लागत नाही’ असा समज पसरतो. हा समज सर्वांत घातक होय.

काँटॅक्टरच्या तीन नळ्यांपैकी एकीतील निर्वात गळून गेले, तरी मोटारीचा प्रवाह उरलेल्या दोन नळ्या बहुधा तोडतात. मोटार नेहमीप्रमाणे सुरू होते, नेहमीप्रमाणे बंद होते. चालकाला काहीच जाणवत नाही. दुसऱ्या नळीने दगा दिला की मात्र बंद करण्याचा आदेश देऊनही प्रवाह तुटत नाही आणि पॅनेलमध्ये स्फोट होऊ शकतो. निर्वात डोळ्यांनी दिसत नाही, हाताला लागत नाही. ते आहे की नाही हे चाचणीनेच कळते.

या चाचणीसाठी काँटॅक्टर पॅनेलबाहेर काढून, संपर्क उघडे ठेवून, प्रत्येक नळीवर एक मिनिट उच्च दाब देतात. ७.२ किलोव्होल्ट वर्गाच्या साधनाची कारखान्यात सामान्यतः २० किलोव्होल्टवर चाचणी होते. जागेवर निर्मात्याच्या सूचनेनुसार त्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास दाब देतात. मेगरने घेतलेले रोधनाचे माप उपयुक्त असले तरी ते या चाचणीची जागा घेऊ शकत नाही. उघड्या निर्वात संपर्कांवर फार मोठा दाब दिल्यास क्ष-किरण निर्माण होऊ शकतात. म्हणून ठरविलेला दाब ओलांडू नये, संपर्कांमधील अंतर योग्य असल्याची आधी खात्री करावी आणि निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर उभे राहावे. चाचणी संपल्यावर नळीवर साठलेला विद्युतभार अर्थ करून काढून टाकावा, त्यानंतरच हात लावावा.

देखभालीचे वेळापत्रक

नेमका कालावधी निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे व वापराप्रमाणे ठरतो. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असावा.

रोज : काँटॅक्टरच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राचा आकडा नोंदवावा, गुणगुण, थरथर, जळका वास यांकडे लक्ष द्यावे.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर : पॅनेलमधील हीटर चालू असल्याची खात्री करावी, धूळ कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, केबलची भोके पाहावीत. कोकणातील खारी हवा आणि साखर कारखान्यातील बगॅसची धूळ यांमुळे सिरॅमिकच्या बाह्य पृष्ठभागावर थर बसतो. तो ओलावला की त्यावरून वीज वाहू लागते. गळीत हंगाम संपल्यावर कारखाना बंद असतो, तेव्हाही हीटर बंद करू नयेत.

वर्षातून एकदा : निर्वाताची उच्चदाब चाचणी, मेगरने रोधनाचे माप, मायक्रोओहम-मापकाने तिन्ही नळ्यांच्या संपर्करोधाची परस्परांशी तुलना, आणि गेजने संपर्कांची झीज. झीज मर्यादेबाहेर गेल्यास नळी बदलावी. स्क्रू फिरवून झीज झाकण्याचा प्रयत्न करू नये. तिन्ही नळ्या एकदम बदलणे श्रेयस्कर होय. यंत्रणेच्या सांध्यांना पुस्तिकेत सांगितले असेल तेथे व तेवढेच वंगण द्यावे.

उघडा काँटॅक्टर म्हणजे सुरक्षितता नव्हे

काँटॅक्टर उघडला म्हणजे मोटार थांबते. मोटारीवर हात ठेवून काम करण्यास ती सुरक्षित होत नाही. काही मिलिमीटरची ती पोकळी शाबूत आहे याची हमी बाहेरून कोणी देऊ शकत नाही. म्हणून कामापूर्वी काँटॅक्टर बाहेर ओढून किंवा आयसोलेटर उघडून जोडणी तोडावी, कुलूप घालून फलक लावावा, योग्य दाबाच्या परीक्षकाने वीज नसल्याची खातरजमा करावी, नंतर अर्थिंग करावे आणि लेखी काम-परवाना हाती आल्यावरच काम सुरू करावे. हा क्रम बदलू नये व त्यातील एकही पायरी गाळू नये. ‘पाणी लवकर सोडा’ असा तगादा गावातून येत असतो तेव्हाच पायऱ्या गाळण्याचा मोह होतो. अशा वेळी लोकप्रतिनिधींनी तंत्रज्ञाच्या पाठीशी उभे राहावे. त्याच्यावर घाईचे ओझे टाकू नये.

आपण काय विचारावे?

पंपगृहाला भेट देणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा सदस्याने यंत्र उघडून पाहण्याची आवश्यकता नाही. पुढील पाच प्रश्न पुरेसे आहेत.

१. निर्वाताची चाचणी शेवटी कधी झाली व तिची लेखी नोंद कोठे आहे?
२. योग्य मापाचे राखीव फ्यूज आणि नळ्यांचा एक संच भांडारात आहे काय?
३. पॅनेलमधील हीटर चालू आहेत काय?
४. काम-परवान्याची वही व कुलपे वापरात आहेत काय?
५. निर्मात्याची पुस्तिका पंपगृहात, चालकाच्या हाताशी आहे काय?

शिक्षकांनी निकामी ठरलेली एखादी नळी वर्गात ठेवली तर विद्यार्थ्यांस तिची रचना चटकन उमगेल. पोकळी काम करते हे त्यांना नवल वाटेल. परंतु ती पोकळी टिकून आहे की नाही हे मोजल्यावाचून कळत नाही, हा धडा त्यांच्या मनावर ठसला पाहिजे. चाचणी, नोंद आणि शिस्त या तीन गोष्टी सांभाळल्या तर हे मूक साधन वर्षानुवर्षे इमानाने चालते, नदीचे पाणी शिवारात पोहोचते आणि ते पोहोचविणारा कामगार संध्याकाळी सुखरूप घरी परततो.