साडूंची गाडी, आपला हप्ता

प्रश्न : आमची छोटी गाडी उत्तम चालते. पण दिवाळीत साडूंनी मोठी गाडी घेतली आणि तेव्हापासून आमची डोळ्यांत खुपते. मी मत्सरी झालो आहे का? पगार वाढला की हे थांबेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मत्सरी म्हणून स्वतःला बोल लावू नका. माणूस आपलं मोजमाप बरोबरीच्यांवरून करतो. अंबानींचा बंगला खुपत नाही, साडूंची गाडी खुपते. पगारवाढीवर मात्र भिस्त ठेवू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना सहकाऱ्यांचे पगार कुठे पाहता येतात, हे संशोधकांनी कळवलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तुलनेत कमी पगार असलेल्यांचं समाधान घटलं. जास्त पगारवाल्यांचं काही वाढलं नाही. खाली असल्याचं दुःख होतं, वर असल्याचा आनंद मात्र होत नाही, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार!

तुलनेमुळेच माणूस पुढे जातो, असं कुणी म्हणेल. त्याच कामाचे सहकाऱ्याला जास्त मिळत असतील, तर ते खरं आहे. साहेबांशी जरूर बोला. साडूंच्या गाडीतून मात्र असं काहीच कळत नाही. गाडी दारात दिसते, हप्ता बँकेच्या पासबुकात असतो. मोठी गाडी घ्यायचीच असेल, तर आधी हप्ता, विमा, पेट्रोल कागदावर मांडा आणि महिनाभर थांबा. खरी गरज असेल तर ती तेव्हाही उरेल. त्यासाठी भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. या विचारांनी काही आठवडे झोपच लागत नसेल, तर समुपदेशकांना निःसंकोच भेटा.