टेन्स यंत्र घरी घ्यावं का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. गुडघ्यांच्या झिजेमुळे त्यांना सतत दुखतं. फिजिओथेरपिस्ट टेन्स (त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देणारं यंत्र) लावतात, तेव्हा बरं वाटतं. ते यंत्र घरी घ्यावं का?

उत्तर : आधी सांगा, त्यांना पेसमेकर बसवलेला आहे का? असेल तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीशिवाय टेन्स लावू नका. मधुमेहामुळे पायांना बधिरपणा असेल तरीही जपायला हवं. कारण बधिर त्वचेला प्रवाह किती जोराचा आहे हे कळत नाही आणि इजा होऊ शकते.

टेन्समुळे झीज भरून येत नाही. त्याचा सौम्य विद्युतप्रवाह स्पर्शाच्या जाड मज्जातंतूंना चेतवतो, त्यामुळे वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच काहीसा अडतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्तातून ही पद्धत पुढे आली. आराम मुख्यतः यंत्र चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ टिकतो. पुरावाही तोकडाच आहे. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२२ मध्ये अशा झिजेसाठी टेन्स देऊ नये, असंच सांगितलं.

तरी सासूबाईंना गुण येत असेल, तर मी नाही म्हणणार नाही. मात्र दुखणं उतरलेल्या त्या वेळात मांडीचे व्यायाम झालेच पाहिजेत. गुडघ्याला खरा आधार त्या स्नायूंचा आहे. यंत्राचे पॅड गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना, कोरड्या, जखम नसलेल्या त्वचेवर लावा. वारंवारिता साधारण ८० ते १०० हर्ट्झ, आणि मुंग्या स्पष्ट जाणवतील पण बोचणार नाहीत इतकाच जोर ठेवा. यंत्र विकत घेण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टकडून ते लावायला शिकून घ्या.