रोजच्या व्यवहारात प्रभूची आठवण

शास्त्रवाचन : २ तीमथ्य २:८-१३, इब्री १२:१-३, अनुवाद ८:१०-१८, नहेम्या १:१ ते २:५, प्रेषितांची कृत्ये ७:५४-६०.

पांढुर्णा व सौसर हा भाग मध्य प्रदेशात असला तरी येथील घराघरांत मराठी बोलली जाते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा शेजारचा नागपूर जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हे दोन तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. येथे ख्रिस्ती घरे थोडी आहेत. एका गावात दोन, दुसऱ्या गावात चार. रविवारी दीड-दोन तास आपण एकत्र येतो. बाकीचा सारा आठवडा शेतात, बाजारात, कचेरीत व शेजाऱ्यापाजाऱ्यांत जातो. त्या दीड-दोन तासांत प्रभूची आठवण राहणे कठीण नाही. प्रश्न आहे तो सोमवार ते शनिवारचा. त्याचाच विचार या पाठात आपण करू.

१. आठवण ठेवणे म्हणजे काय?

पौल तुरुंगात होता, मरण जवळ आले होते. अशा वेळी तो आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, येशू ख्रिस्ताचे स्मरण ठेवण्यास सांगतो (२ तीमथ्य २:८). हे वाचून प्रथम नवल वाटते. लहानपणापासून शास्त्र शिकलेला व मंडळीची देखरेख करणारा तीमथ्य प्रभूला विसरेल काय? परंतु मूळ ग्रीक भाषेत या क्रियापदाचे रूप असे आहे की, त्याचा अर्थ ‘एकदा आठव’ असा होत नाही, तर ‘आठवण करीत राहा’ असा होतो. प्रभूचे काम करणाऱ्यालाही प्रभूचा विसर पडू शकतो, हे पौलाला ठाऊक होते.

इब्री १२:३ मध्ये लेखक वाचकांना प्रभूने सोसलेल्या विरोधाकडे लक्ष द्यावयास सांगतो. तेथे वापरलेला ग्रीक शब्द हिशेब करण्याच्या अर्थाचा आहे. दुकानदार रात्री वही उघडून जमा व खर्च ताडून पाहतो, तसे आपले दुःख एका बाजूस आणि प्रभूने सोसले ते दुसऱ्या बाजूस मांडून पाहावे, म्हणजे मन खचणार नाही, असे लेखकाचे म्हणणे आहे. तेव्हा आठवण ही केवळ मनात येणारी गोड भावना नव्हे. निर्णय घेताना प्रभूला हिशेबात धरणे, ही खरी आठवण.

काही जण म्हणतात, “आम्ही कष्टकरी माणसे. दिवसभर येशूचा विचार करीत बसलो तर काम कोण करील?” त्यांनी निंदणीला जाणारी बाई पाहावी. झाडाच्या फांदीला झोळी बांधून ती बाळाला निजवते व तासाला लागते. हात गवत उपटतात, तोंडाने शेजारणीशी बोलणे चालते, पण कान झोळीकडे असतो. बाळ जरासे कुरकुरले तरी तिला आधी कळते. तिने काम सोडलेले नसते व बाळालाही विसरलेली नसते. प्रभूचे स्मरण हे असे असते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक साधा माणूस होता. तो पूर्वी शिपाई होता. मठात त्याला स्वयंपाकघराचे काम मिळाले. भांड्यांच्या खडखडाटातही देव आपल्याजवळ आहे हे ध्यानात ठेवण्याची त्याने सवय केली. १६९१ साली तो मरण पावला, पण त्याची संभाषणे व पत्रे आजही जगभर वाचली जातात. तो कोणी पंडित नव्हता. म्हणूनच त्याचे उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे.

२. भरल्या बागेतील विसर

संकटात देव आठवतो, असे आपण नेहमी म्हणतो. मोशेने इस्राएल लोकांना दुसरा धोका दाखविला. खाऊन तृप्त झाल्यावर, चांगली घरे बांधल्यावर, गुरेढोरे व सोनेरुपे वाढल्यावर तुम्ही देवाला विसराल, असे तो सांगतो (अनुवाद ८:१०-१४). रानात चाळीस वर्षे मान्ना गोळा करताना जो धोका नव्हता, तो भरल्या घरात होता.

आपला भाग संत्र्यांचा. संत्र्याच्या झाडाला बहार यावा म्हणून त्याचे पाणी काही काळ तोडतात. त्याला आपण ताण देणे म्हणतो. ताण सोसलेले झाड पाणी मिळताच फुलते. सुखाच्या दिवसांत सुकलेली प्रार्थना पुष्कळदा ताणाच्या दिवसांत पालवते, हा अनुभव अनेक विश्वासणाऱ्यांचा आहे. पण फळ हाती आल्यावर काय होते, हा मोशेचा प्रश्न आहे.

एक साधा प्रसंग घ्या. शेतकरी बाग झाडावरच व्यापाऱ्याला विकतो. सौदा ठरतो, इसार हाती येतो. पंधरा दिवसांनी भाव चढतो आणि दुसरा व्यापारी जास्त पैसे देऊ करतो. कागद झालेला नाही, साक्षीदार नाही. अशा वेळी काय करावे? किंवा उलट, भाव पडतो आणि घेणारा ख्रिस्ती बंधू काहीतरी खुसपट काढून सौदा मोडू पाहतो. शास्त्र येथे मुळीच संदिग्ध नाही. स्तोत्र १५ मध्ये देवाच्या मंडपात कोण राहील याचे वर्णन आहे, आणि त्यात स्वतःचे नुकसान झाले तरी दिलेला शब्द न फिरविणारा मनुष्य येतो (वचन ४). खोटा तराजू परमेश्वराला किती ओंगळ वाटतो, हे नीतिसूत्रे ११:१ मध्ये आहे. जेवणापूर्वी डोळे मिटून केलेली प्रार्थना व बागेत दिलेला शब्द ही दोन्ही एकाच प्रभूपुढे झालेली असतात. पहिली आठवण खरी की खोटी, हे दुसऱ्या ठिकाणी कळते.

३. क्षणाची प्रार्थना आणि चार महिन्यांची प्रार्थना

नहेम्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने त्याला विचारले, “तुला काय पाहिजे?” या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी नहेम्याने देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). किती वेळ लागला असेल? एक श्वास घेण्याइतका. राजासमोर गुडघे टेकण्यास सवड नव्हती.

हे वाचून आपणांस वाटते, लहान प्रार्थना पुरे. परंतु पहिला अध्याय पाहा. यरुशलेमेची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली आणि राजापुढे तो निसान महिन्यात उभा राहिला. मध्ये सुमारे चार महिने गेले, आणि त्या काळात तो उपास व प्रार्थना करीत होता. त्या दीर्घ प्रार्थनेमुळेच क्षणाची प्रार्थना त्याच्या ओठी आली. ज्या घरी सकाळी शास्त्र उघडले जात नाही, त्या घरच्या माणसाला दुपारी बाजारात प्रभू आठवेल अशी अपेक्षा कशी करावी? योहान १४:२६ मध्ये प्रभू म्हणतो की, पवित्र आत्मा त्याने सांगितलेल्या गोष्टींची आठवण करून देईल. आठवण करून द्यावयाची तर आधी त्या गोष्टी ऐकलेल्या असाव्या लागतात.

मराठी ख्रिस्ती लोकांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका सहप्रवाशाने नवा करार दिला. तो वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाची पकड घेतली. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग त्यांनी प्रभूची स्मृती मराठी माणसाच्या ओळखीच्या अभंगांत व भजनांत घातली. ज्या गोष्टी वाचनाने मनात गेल्या, त्याच पुढे त्यांच्या ओठांवर आल्या. आज आपल्या घरी जात्याचा आवाज नाही. तरी स्वयंपाक करताना, गाडी हाकताना गुणगुणलेले एखादे भजन हीही आठवण ठेवण्याची चांगली रीत आहे.

४. हातातला दगड

आता आपल्या भागातील एका कठीण दिवसाकडे येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड व त्यावर झेंडा रोवतात. एका तीरावर पांढुर्ण्याचे, दुसऱ्या तीरावर सावरगावचे लोक, आणि दिवसभर दगड चालतात. दोन गावांच्या मुलामुलीच्या प्रेमाची व नदीत झालेल्या त्यांच्या अंताची कथा यामागे सांगतात. दर वर्षी अनेक जण जखमी होतात. आजवर कित्येक जीवही गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, तरी लोकांनी दगडच उचलले.

शेजाऱ्यांच्या चालीरीतींना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पोळ्याला बैलाला विसावा देतात, ही गोष्ट आपणांस परकी नाही. शब्बाथाच्या आज्ञेत बैलाच्या विसाव्याचाही उल्लेख आहे (अनुवाद ५:१४). परंतु दुसऱ्या दिवशी आपल्या तरुणाचे पाय नदीकडे वळतात तेव्हा काय? मित्र बोलावतात. न जाणाऱ्याला भित्रा म्हणतात, गावाचा नव्हे असेही म्हणतात. थोड्या घरांच्या मंडळीतील मुलाला हे शब्द फार लागतात, आणि मोठ्यांनी ते हसण्यावारी नेऊ नयेत.

शास्त्रात दगडांच्या दोन गोष्टी आहेत. योहान ८ मध्ये जमाव दगड मारण्यास आतुर होता. प्रभूने प्रत्येकाला स्वतःच्या पापाकडे पाहावयास लावले, आणि थोरांपासून आरंभ होऊन एकेक जण निघून गेला. जमाव एकेकट्या माणसाचा झाला, तेव्हाच दगडफेक टळली. दुसरी गोष्ट स्तेफनाची. त्याच्यावर दगड पडत होते, तरी त्याची दृष्टी वर होती; त्याने येशूला देवाच्या उजवीकडे उभा असलेला पाहिले आणि मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली (प्रे. कृत्ये ७:५५-६०). त्याचे ते बोलणे वधस्तंभावरील प्रभूच्या प्रार्थनेसारखेच आहे. मनात जो सतत होता, तोच शेवटच्या घडीला ओठी आला.

यावरून आपले कर्तव्य स्पष्ट होते. ख्रिस्ती हाताने त्या दिवशी दगड उचलू नये. पण घरी दार लावून बसणे एवढ्यानेही आठवण पुरी होत नाही. जखमी कोणत्या तीराचा हे न विचारता त्याला पाणी देणे, पट्टी बांधणे, दवाखान्यात पोहोचविणे, दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारपूस करणे, हे आपले काम. मत्तय २५ प्रमाणे त्या जखमी माणसात प्रभू आपली वाट पाहत असतो. मग ‘हा गावाचा नव्हे’ हा बोल आपोआप खोटा ठरेल.

५. मुलांसाठी : दोन भाषांची आठवण

आपली मुले शाळेत हिंदी शिकतात आणि घरी मराठी बोलतात. शब्बाथ शाळेत कधी मूल विचारते, “बाई, प्रार्थना कोणत्या भाषेत करू?” पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकली (प्रे. कृत्ये २:८-११), तेव्हा दोन्ही भाषा प्रभूच्याच आहेत असे सांगावे. पण ज्या भाषेत आई रागावते व जवळ घेते, त्या भाषेत पाठ केलेले वचन म्हातारपणापर्यंत टिकते. म्हणून महिन्याला एक तरी वचन मराठीत पाठ करवून घ्यावे, आणि त्याचा अर्थ मुलाने हिंदी बोलणाऱ्या मित्राला सांगता येईल असा समजावावा.

शिक्षकांसाठी सूचना : पोळ्याच्या आधीच्या रविवारी योहान ८:१-११ हा पाठ घ्या. प्रत्येक मुलाच्या हाती एक लहान खडा द्या. गोष्ट संपल्यावर तो एकेकाने खाली ठेवावा. उपदेश थोडा करा.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या आठवड्यात कोणता व्यवहार प्रभूला हिशेबात न धरता आपण उरकला?
२. दिलेला शब्द पाळल्याने नुकसान होत असेल, तर मंडळीने त्या कुटुंबाला कसा आधार द्यावा?
३. आपल्या गल्लीत गोटमारीत जखमी झालेल्यांपैकी कोणाची आपण चौकशी केली आहे?
४. आपली मुले कोणते भजन न पाहता म्हणू शकतात?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आम्हांला कधी विसरत नाहीस. तराजू धरताना, शब्द देताना, जमावात उभे असताना आम्हांला तुझी आठवण दे. आमच्या तरुणांचे हात दगडापासून राख आणि जखमींच्या सेवेला लाव. आमेन.