‘ओळखा पाहू, हा कोण?’ : संगीतकाराच्या चरित्रावरील कोड्याचा पाठ

खुणा सांगून थोर व्यक्ती ओळखावयास लावण्याचा खेळ प्राथमिक शाळांतून बराच रूढ आहे. शिवाजी महाराज, लोकमान्य टिळक, महात्मा फुले यांच्याबाबत तो सहज साधतो, कारण ही नावे मुलांच्या कानांवरून गेलेली असतात. परदेशच्या अभिजात संगीतकारावर कोडे घालावयाचे म्हटले की मात्र अडचण येते. जे नाव मुलाने कधी ऐकलेच नाही, ते त्याने ओळखावे कसे? मग शिक्षक दोन खुणा सांगतात, वर्ग गप्प राहतो, आणि अखेर शिक्षकच नाव सांगून मोकळे होतात. हा पाठ नव्हे.

यावर उपाय सोपा आहे. खेळाच्या आरंभीच चार नावे त्यांच्या जन्ममृत्यूच्या सालांसह फळ्यावर लिहावीत : बाख (१६८५–१७५०), हायडन (१७३२–१८०९), मोझार्ट (१७५६–१७९१) आणि बीथोव्हेन (१७७०–१८२७). चौघेही युरोपातील जर्मन भाषा बोलणाऱ्या मुलखातले, एवढेच सांगावे. नकाशात जर्मनी व ऑस्ट्रिया दाखवावेत. यापुढे मुलांनी नाव आठवावयाचे नाही. खुणेचा विचार करून एकेक नाव पुसावयाचे आहे. आठवणीचे काम तर्कावर सोपविले म्हणजे मागच्या बाकावरचे मूलही खेळात येते.

उत्तर हायडन हे धरून पुढील पाठ दिला आहे. पहिल्या खुणांनी नाव मुळीच कळू नये. माणूस मात्र कळू लागावा.

‘याचे वडील गाड्यांची चाके बनवीत असत.’ खेड्यातील मुलांना ही खूण समजावून देण्याची गरज नाही. रोराउ या लहानशा गावी, हंगेरीच्या सीमेजवळ, हायडनचा जन्म झाला. वडील चाके घडविणारे सुतार, आई लग्नापूर्वी तेथील जहागीरदाराच्या घरी स्वयंपाकीण. वडिलांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, तरी संध्याकाळी ते हार्प नावाचे तंतुवाद्य वाजवीत व घरातील सर्वजण गात. लहानगा मुलगा तेव्हा डाव्या हातावर काठी घासून व्हायोलिन वाजविण्याचे सोंग करी. हाइनबुर्गचा शाळामास्तर फ्रांक हा त्यांचा नातलग होता. सोंग करतानाही मुलगा ताल चुकत नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि सुमारे सहा वर्षांच्या त्या पोरास तो शिकविण्यासाठी आपल्या घरी घेऊन गेला. हा प्रसंग सांगताना किंचित थांबावे. काठी घासणारे मूल पुष्कळांनी पाहिले असेल. त्यातला ताल एका मास्तराने पाहिला.

‘याने पिठाच्या टोपलीचे वाद्य केले.’ या खुणेला वर्ग हसल्यावाचून राहात नाही. गावच्या मिरवणुकीत नगारा वाजविणारा माणूस वारला आणि फ्रांकने ते काम या मुलावर टाकले. सरावासाठी त्याने पिठाच्या टोपलीवर कापड ताणले, ती खुर्चीवर ठेवली आणि असा दणका सुरू केला की पीठ उडून खुर्ची खराब झाली. युरोपातील हे वाद्य मूळचे अरब-तुर्की ‘नक्कारा’ या वाद्याच्या कुळातले, आणि आपला नगाराही त्याच कुळातला. मुलांना बाकावर बोटांनी ठेका धरू द्यावा. वर्गात दोन मिनिटे गोंगाट झाल्याने काही बिघडत नाही.

तिसरी खूण चेरीच्या फळांची. व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमधील संगीतप्रमुख रॉयटर गाणारी मुले शोधीत हाइनबुर्गला आला. लगतचे दोन स्वर झरझर आलटूनपालटून घेण्यास त्याने या मुलास सांगितले. मुलास ते येईना. आपल्या मास्तरालाच हे येत नाही, तर आपणास कसे यावे, असे तो निरागसपणे म्हणाल्याचे सांगतात. रॉयटरने स्वतः करून दाखविले. दोन-तीन प्रयत्नांत मुलाने ते उचलले आणि मूठभर चेरी बक्षीस मिळविल्या. मास्तर जवळच उभा होता. शिष्य आपल्यापुढे जात असल्याचे चारचौघांत ऐकणे त्याला कसे वाटले असेल, हा प्रश्न मुलांना विचारण्याजोगा आहे. फ्रांकने त्याला जाऊ दिले, हे खरे.

या गोष्टी हायडनच्या उतारवयात त्याच्या तोंडून ऐकून चरित्रकारांनी लिहून ठेवल्या आहेत. म्हणून त्या सांगताना ‘असे तो सांगे’ हे शब्द गाळू नयेत. हायडनविषयी गमतीच्या खुणा पुष्कळ मिळतात आणि त्यांतील काही घसरड्या आहेत. त्याने एका सोबत्याची वेणी कापली म्हणून त्यास गायकवृंदातून काढले, असे सांगतात. कापली असेलही, पण कोवळा आवाज फुटल्यावर अशा मुलाचा तेथे उपयोग उरत नसे, हे त्यामागचे खरे कारण. गमतीसाठी कारण बदलू नये.

आता नावे पुसण्याच्या खुणा घ्याव्यात. ‘१७७२ साली याने मेणबत्त्या विझवून धन्याकडे अर्ज केला.’ हायडन हा एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी संगीतप्रमुख होता. त्या वर्षी सरदारांचा मुक्काम हंगेरीतील वाड्यात लांबत गेला. वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाट येथे राहिलेली. त्यांना वाड्यावर आणण्यास परवानगी नव्हती. हायडनने तोंडी तक्रार केली नाही. त्याने एक रचना बसविली. तिच्या अखेरीस एकेक वादक आपला भाग संपवून समोरची मेणबत्ती विझवितो आणि वाद्य घेऊन निघून जातो. शेवटी दोनच व्हायोलिने हलक्या आवाजात वाजत राहतात. धनी समजला आणि लवकरच परतीची आज्ञा झाली, असे सांगतात.

हा प्रसंग वर्गात करून पाहावा. सात-आठ मुलांनी गोल बसून ठेका धरावा व एकेकाने उठून जावे. शेवटी दोघेच उरले म्हणजे वर्ग आपोआप शांत होतो. मग विचारावे : हे का उठून गेले? ऊसतोडीला आईबाप गेलेली मुले ज्या वर्गात असतील, तेथे उत्तर लवकर येईल. तेथे हा प्रश्न जपून विचारावा आणि कोणा एकाकडे बोट करून विचारू नये. त्यानंतर फळ्याकडे वळावे. १७७२ साली बाख हयात नव्हता, बीथोव्हेन दोन वर्षांचा होता. दोन नावे मुलांनीच पुसावीत.

‘२३ मार्च १७९२ रोजी लंडनमध्ये याने श्रोत्यांना दचकविले, त्याची साठी पूर्ण होण्यास तेव्हा आठ दिवस उरले होते.’ संथ, साधी चाल हळू वाजत असता सर्व वाद्ये एकदम गरजतात, अशी ती रचना. डुलक्या घेणाऱ्यांना जागे करण्यासाठी हे केले, ही समजूत सर्वत्र आहे. हायडनने ती नाकारली होती. त्याचाच शिष्य प्लेयेल त्या हंगामात लंडनमध्ये प्रतिस्पर्धी म्हणून उभा होता आणि गुरूला काही नवे करून दाखवावयाचे होते. ध्वनिमुद्रण ऐकविण्याची सोय असल्यास ही खूण सांगण्यापूर्वी तो भाग ऐकवावा, आवाज चढणार असे अगोदर मात्र सांगू नये. मोझार्ट १७९१ च्या डिसेंबरात वारला होता, तेव्हा ते नाव पुसले जाते. वजाबाकीने जन्मतारीखही मिळते : ३१ मार्च १७३२. फळ्यावरील उरलेल्या नावाशी साल जुळले की मुलांची खात्री पटते, आणि ती त्यांनी स्वतः पटवून घेतलेली असते.

नाव सापडल्यावर एक खूण मागे ठेवावी. फ्रांकच्या घरी अन्नापेक्षा मार अधिक मिळाला, असे हायडन म्हणे. तरीही इतके शिकविल्याबद्दल तो त्याचे उपकार मानी. ते उपकार शिकविण्याचे होते. छडीचे समर्थन यातून कोणी काढू नये. वर्गाला एवढेच विचारावे : मृत्युपत्रात हायडनने शंभर फ्लोरिन आणि एक तसबीर कोणाच्या नावे ठेवली असेल? मुले राजाचे, मित्राचे, बायकोचे नाव घेतील. घेऊ द्यावे. रक्कम हाइनबुर्गच्या फ्रांकची मुलगी व जावई यांच्यासाठी होती, आणि तसबीर त्या मास्तराची होती.