दातांचे क्ष-किरण चित्र आणि प्रारणमात्रा

बंगळूरच्या लालबागेतील टेकडी सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीच्या नाईस खडकाची आहे. अशा खडकांत अल्पांशाने युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम असते. त्यामुळे तेथे फिरावयास येणारा माणूस नकळत थोडे प्रारण घेत असतो. नैसर्गिक प्रारणाची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे दिवसाला सुमारे साडेसहा मायक्रोसीव्हर्ट मानली जाते. तोंडात फिल्म ठेवून घेतलेल्या एका चित्राची मात्रा साधारणतः याच पातळीची, पुष्कळदा त्याहून कमी असते. मग एवढ्याशा मात्रेचा विचार कशासाठी? कारण बालकांच्या पेशी प्रारणास अधिक संवेदनशील असतात, लालापिंड व अवटू ग्रंथी जबड्याच्या निकट असतात; आणि ज्या मात्रेपासून रुग्णाचा काहीच लाभ नाही, ती कितीही अल्प असली तरी समर्थनीय ठरत नाही.

दंतवैद्यांना हा धडा महागात पडला आहे. ऑटो वाल्खॉफ यांनी जानेवारी १८९६ मध्ये स्वतःच्या दातांचे पहिले चित्र घेतले, त्यासाठी २५ मिनिटे लागली. न्यू ऑर्लीन्सचे एडमंड केल्स यांना हाताच्या कर्करोगाने ग्रासले. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी मात्र १९०१ च्या सुमारासच धोक्याची सूचना दिली होती. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

मात्रा कमी केली की चित्र बिघडते, हा समज अर्धाच खरा आहे. चित्रातील दाणेदारपणा किरणकणांच्या संख्येच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. मात्रा चौपट केली तर चित्राची स्वच्छता केवळ दुप्पट होते. म्हणून चित्र किती सुंदर आहे, हे न पाहता ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते काय, हे पाहावे. दातांमधील किडीची खूण शोधणे, हाडाची पातळी पाहणे आणि मुळाच्या नळीतील बारीक सुईचे टोक ओळखणे, या तीन प्रश्नांना सारखीच स्वच्छता लागत नाही.

येथे अंकीय संवेदकाने एक अडचण निर्माण केली आहे. जुनी फिल्म जादा मात्रेने काळी पडे, चूक लगेच दिसे आणि हात आवरला जाई. संवेदकावरील चित्र जादा मात्रेतही देखणे राहते, किंबहुना अधिक नितळ दिसते. त्यामुळे मात्रा हळूहळू वाढत जाते आणि कोणाच्या ध्यानी येत नाही. शिवाय चित्र क्षणात दिसत असल्याने ‘आणखी एक घेऊन पाहू’ ही सवय जडते. संवेदकाने एका चित्रात वाचविलेली मात्रा अशा रीतीने पुनरावृत्तीत खर्च होते.

सर्वांत स्वस्त उपाय साधा आहे. सात सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाकार शलाकेचे क्षेत्रफळ ३८.५ चौरस सेंटिमीटर भरते. फिल्म मात्र जेमतेम तीन बाय चार, म्हणजे १२. दोनतृतीयांशाहून अधिक किरण चित्राबाहेरच्या ऊतींवर वाया जातात. आयताकृती नळकांडे लावल्यास ही उधळपट्टी बरीच थांबते. विखुरलेले किरणही घटतात, त्यामुळे चित्र उलट अधिक स्पष्ट येते. मात्र फिल्मधारकाचा नेम बरोबर हवा, नाहीतर कोपरा कापला जाऊन चित्र पुन्हा घ्यावे लागते. बंगळूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात असो वा अन्यत्र, विद्यार्थ्याच्या हाताला हा नेम सरावानेच येतो.

कोन बीम सीटीची गोष्ट निराळी. तिची मात्रा यंत्र व क्षेत्र यांनुसार काही दशक ते काही शतक मायक्रोसीव्हर्ट असते. एका अडकलेल्या अक्कलदाढेसाठी दोन्ही जबडे टिपण्याचे कारण नसते. लहान क्षेत्र पुरते. अणुऊर्जा नियामक मंडळाची (स्थापना १९८३) नोंदणी यंत्राची तपासणी करते. कोणते क्षेत्र निवडावे, हे बटण दाबण्यापूर्वी दंतवैद्यानेच ठरवायचे असते.

शिशाच्या अंगरख्याविषयी एक शब्द. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने २०२४ मध्ये त्याचा नित्य वापर थांबविण्याची शिफारस केली, कारण शलाका नीट आखली असता अंगरख्याचा लाभ नगण्य राहतो, आणि तो शलाकेच्या आड आला तर चित्र पुन्हा घ्यावे लागते. आपल्याकडील रुग्णाला मात्र अंगरखा दिसला नाही की चैन पडत नाही.