शाळा उघडली, पगार किती? रुजू होण्याआधी एवढे तपासा

कोविडच्या साथीत ४ ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रात ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. खासगी शाळेत तुम्ही शिक्षक असा, लिपिक, शिपाई, मावशी किंवा बसवरचे काका असा, पहिल्याच आठवड्यात तीन कागद हाताशी ठेवा: कामाचा लेखी आदेश, चालू महिन्याची पगारपावती आणि पीएफचे पासबुक. पुढे वाद झालाच तर याच तीन कागदांवर तो लढला जातो. तोंडी आश्वासने कार्यालयात कुणी विचारत नाही.

आधी रुजू होतानाचा खर्च. कोविड लशीचे दोन्ही डोस झाले आहेत का, हे तेव्हा शाळा विचारत. सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांवर लस मोफत होती. २०२१ मध्ये खासगी रुग्णालयात कोविशिल्ड जास्तीत जास्त ७८० रुपये, कोव्हॅक्सिन १,४१० रुपये होती. यात ५ टक्के जीएसटी आणि १५० रुपये सेवाशुल्क धरलेलेच होते. वर नोंदणीचे, फाइलचे, मास्क-ग्लोव्हजचे वेगळे पैसे लावले तर बिल मागणे योग्य होते. तेव्हा कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर लागत होते. पहिला डोस ऑगस्टमध्ये घेतला असेल तर दुसरा लगेच मिळत नव्हता. मुख्याध्यापकांना तसे लिहून देणे आणि तोवर ऑनलाइन तासिका मागणे हाच मार्ग होता. बिनपगारी रजेवर सही करू नका. लशीचे प्रमाणपत्र कोविन संकेतस्थळावरून मोफत निघते. पन्नास-शंभर रुपयांचे प्लॅस्टिकचे कार्ड कुणालाच लागत नाही, शिवाय त्यासाठी तुमचा आधार क्रमांक दुकानदाराच्या संगणकात राहतो.

कोविडची चाचणी मागितली तर दर माहीत असावे लागत. ३१ मार्च २०२१ पासून राज्यात आरटी-पीसीआरचा कमाल दर प्रयोगशाळेत जाऊन दिल्यास ५०० रुपये आणि घरी बोलावल्यास ८०० रुपये होता. अँटिजेन चाचणी प्रयोगशाळेत १५० रुपयांत होत होती. ‘तातडीचा अहवाल’ म्हणून जास्त घेणे नियमात बसत नव्हते. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावी सुरू करताना शिक्षकांच्या चाचण्या सरकारी केंद्रांत मोफत झाल्या होत्या. म्हणून आधी सरकारी केंद्र गाठणे बरे होते. शाळेने ठरावीक खासगी प्रयोगशाळेचाच हट्ट धरला, तर खर्च शाळेने करावा असे लेखी मागा.

आता काम. दारात तापमान मोजणे, बाके पुसून घेणे, वर्गाच्या दोन तुकड्या करून तोच धडा दोनदा शिकवणे, घरी राहिलेल्या मुलांसाठी संध्याकाळी पुन्हा ऑनलाइन तास घेणे. हे सगळे एकाच शिक्षकावर येत होते, आणि बहुतेक ठिकाणी तोंडी सांगून. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकाला जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. साथीचे काम आपत्ती निवारणात मोडते, म्हणून जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्तांचा आदेश आला तर ते करावे लागते. पण आदेश तुमच्या नावाने आणि तारखेसह हवा. फळ्यावर लिहिलेली यादी किंवा व्हॉट्सअॅपवरचा निरोप पुरेसा धरू नका. कारण सरळ आहे. कोविड कर्तव्यावर मृत्यू झाल्यास कुटुंबाला ५० लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचा निर्णय राज्याने मे २०२० मध्ये घेतला होता. असा दावा उभा राहत होता तो कर्तव्याचा आदेश, हजेरीची नोंद आणि वैद्यकीय अहवाल यांवर. आदेशाची एक प्रत घरच्यांच्या हाती द्या. हे बोलायला जड जाते, तरी आजच करा.

शाळेतली फवारणी, स्वच्छतागृहांची सफाई, सॅनिटायझरची खरेदी ही व्यवस्थापनाची कामे आहेत. शिक्षकांकडून वर्गणी काढून थर्मल गन घेतल्या जात असतील तर पावती मागा. पावती मागितली की बहुधा वर्गणी थांबते. ऑनलाइन आणि प्रत्यक्ष असे दुहेरी शिकवण्याचा वेगळा मोबदला कायद्यात ठरलेला नाही. मात्र पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने धरलेल्या आठवड्याच्या किमान ४५ तासांत तयारीचा वेळही येतो. ऑनलाइन तासिका आणि तिची तयारी या ४५ तासांत मोजून वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या सहीने घ्या. डेटा पॅकचे पैसे हवे असतील तर मासिक रक्कम लिहून अर्ज द्या. मिळतीलच असे नाही, पण तोंडी मागितलेले कधीच मिळत नाहीत.

पगाराकडे या. अनुदानित शाळेत असाल तर पगार शालार्थ प्रणालीतून, वेतन पथकामार्फत येतो. शाळा बंद होती म्हणून संस्था त्यातून काही कापू शकत नाही. मार्च २०२० चा पगार सरकारने दोन टप्प्यांत दिला होता, तेव्हा रक्कम पुढे ढकलली होती, कापली नव्हती. हाच फरक विनाअनुदानित शाळेत सर्वात आधी विचारा: माझे राहिलेले पैसे थकबाकी आहेत की कपात? उत्तर ईमेलवर घ्या. ‘परिस्थिती सुधारली की बघू’ हे उत्तर धरू नका. महिना, रक्कम आणि देण्याची तारीख मागा. शिक्षणसेवकांचे मानधन ठरलेले असते: २०२१ मध्ये ते प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होते. साथीमुळे ते कमी होत नाही.

१२ ऑगस्ट २०२१ च्या आदेशाने खासगी शाळांना २०२१-२२ च्या फीत १५ टक्के सवलत द्यावी लागली. त्याचे कारण सांगून पगारातही तेवढीच कपात सुचवली जात होती. तो आदेश पालकांच्या फीपुरता होता, पगाराबद्दल त्यात काही नव्हते. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ आणि १९८१ ची नियमावली अनुदानित आणि विनाअनुदानित, दोन्ही मान्यताप्राप्त खासगी शाळांना लागू आहे. पगार नियमांतल्या वेतनश्रेणीपेक्षा कमी असेल तर तो वर आणण्याचा लेखी आदेश शिक्षण संचालक व्यवस्थापनाला देऊ शकतात. कायद्याची ही बाजू तुमची आहे, फक्त ती तुम्ही स्वतःच्या सहीने घालवू नका.

कारण खरी फसवणूक सहीतच होते. तीन प्रकार पाहा. पहिला: पगाराच्या वहीत सही २५,००० वर, हातात १२,०००, किंवा पूर्ण पगार खात्यात टाकून निम्मा रोखीने परत. अशा वेळी पुढची सही करताना प्रत्यक्ष मिळालेली रक्कम शेजारी लिहा. परतफेड मागितली तर बँकेतूनच द्या, म्हणजे नोंद राहील. दुसरा: ‘मी स्वखुशीने पगार कमी घेत आहे’ असे संमतीपत्र, तेही तुमच्याच खर्चाने घेतलेल्या शंभरच्या मुद्रांकावर. ते देऊ नका. द्यावेच लागले तर किती महिन्यांसाठी, किती रक्कम आणि ती परत कधी, हे तीन मुद्दे त्यात घाला. तिसरा: नवे नियुक्तिपत्र. शाळा उघडताना ‘सगळ्यांचे नव्याने करतोय’ म्हणून ११ महिन्यांचा करार पुढे येतो. त्यावर सही केली की जुनी सलग सेवा गेली असे संस्था म्हणू लागते. ‘पूर्वीची सेवा अखंड धरून’ हे शब्द नसतील तर सही करू नका. मूळ पदवी आणि बीएडची प्रमाणपत्रे संस्थेकडे ठेवू नका. पडताळणीला दाखवा, प्रत द्या, मूळ परत आणा.

पगारपावतीतल्या बारीक ओळीही वाचा. व्यवसाय कर हा ठरलेला खड्डा नाही, तो त्या महिन्याच्या पगारावर ठरतो. २०२१ मध्ये महिलेचा पगार १०,००० रुपयांपर्यंत असेल तर कर शून्य होता. पुरुषाला ७,५०० पर्यंत शून्य आणि १०,००० पर्यंत १७५ रुपये. त्यावर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. पगारकपातीनंतर एकूण पगार ९,००० झालेल्या शिक्षिकेच्या पगारातून दरमहा २०० जात असतील तर ते परत मागा.

पीएफ दरमहा १२ टक्के कापला जातो आणि पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो. उमंग अॅपवर पासबुक पाहा. कापला पण भरला नाही, तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो. तक्रार ईपीएफओच्या संकेतस्थळावर करता येते, फी नाही. पैशांची निकड असेल तर २०२१ मध्ये पीएफमधून कोविड अग्रिम काढता येत होता आणि तो परत भरायचा नव्हता. खात्यातल्या शिलकीचे ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, यांतली लहान रक्कम मिळत होती. शिल्लक ६०,००० आणि मासिक वेतन १८,००० असेल तर तुलना ४५,००० आणि ५४,००० यांची, म्हणजे मिळत ४५,०००. मे २०२१ पासून तो दुसऱ्यांदाही काढता येत होता. आधार, पॅन आणि बँक खाते पीएफच्या यूएएन क्रमांकाला जोडलेले असले की अर्ज घरबसल्या होत असे. शेकडा दोन-पाच रुपये घेणाऱ्या दलालाला ओटीपी देऊ नका.

पावतीत ईएसआय कपात दिसत असेल आणि नोकरी गेली असेल, तर २०२१ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस मिळत होते. नोकरी सुटून ३० दिवस झाले की थेट ईएसआयच्या शाखेत दावा करता येत होता. संस्थेच्या शिफारशीसाठी थांबावे लागत नव्हते.

‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगितले, तर त्या दिवसापासून ३० दिवस मोजा. शाळा न्यायाधिकरणात अपील करण्याची मुदत तेवढीच आहे. मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) आदी ठिकाणी न्यायाधिकरणे आहेत. तोंडी काढले असेल तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘मी कामावर आलो, मला परत पाठवले.’ कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची आणि तात्पुरत्याला एका महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. न्यायाधिकरण पुन्हा कामावर घ्यायला सांगू शकते. तसे शक्य नसेल तर दहा वर्षे किंवा जास्त सेवा असल्यास बारा महिन्यांचा, त्याहून कमी असल्यास सहा महिन्यांचा पगार भरपाई म्हणून देववू शकते. नुसता पगार थकला असेल तर मात्र न्यायाधिकरणात जाऊ नका, तो मार्ग शिक्षणाधिकाऱ्यांकडून जातो.

राजीनामा लिहून मागितला तर घाई करू नका. कायद्याप्रमाणे राजीनामा दोन प्रतींत, दोन्हींवर सही आणि तारीख घालून लिहायचा, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. टेबलावर ठेवलेल्या कोऱ्या किंवा छापील कागदावर सही हा राजीनामा नव्हे. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी मागा. २००९ च्या दुरुस्तीने शिक्षकही त्या कायद्यात आले. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे, भागिले २६. वेतन २०,००० आणि सेवा ८ वर्षे असेल तर ९२,३०८ रुपये. ते ३० दिवसांत द्यायचे असतात.

मावशी, सफाई कामगार, बसचालक ठेकेदाराकडून असतील तर त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांकडे हेलपाटे घालू नयेत. सरकारी कामगार अधिकाऱ्यांचे कार्यालय गाठावे. ठेकेदाराकडे ५० किंवा जास्त कामगार असतील आणि त्याने पगार बुडवला, तर कंत्राटी कामगार कायद्याने तो शाळेला द्यावा लागतो. ओळखपत्र, गेटवरच्या नोंदवहीचे फोटो, बसचा क्रमांक, काहीही पुरावा चालेल.

शिक्षक आणि शाळेच्या पटावरच्या कर्मचाऱ्यांनी तक्रार जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी, प्राथमिक आणि माध्यमिक वेगवेगळे. मुंबईत माध्यमिकसाठी शिक्षण निरीक्षक. अर्ज साध्या कागदावर चालतो. सोबत नियुक्तिपत्र, शेवटची पूर्ण पगारपावती, कपातीची पावती, बँकेचे सहा महिन्यांचे विवरण जोडा. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. महिनाभरात हालचाल नसेल तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात विचारा: माझ्या अर्जावर काय कारवाई झाली? पान २ रुपये दराने प्रती मिळतात. वकिलाच्या फीमुळे थांबला असाल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शिक्षिका असाल तर न्यायाधिकरणाच्या ३० दिवसांतले पहिले दोन दिवस यासाठीच ठेवा.