पहिल्या तासाची डुलकी : झोपेचे विकार आणि मुलांचं मन



सकाळच्या सत्रातला पहिला तास आठवून बघा. आपल्या मावळातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत जा, दोन-तीन डोकी बाकावर टेकलेली दिसतातच. त्यांच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार असतात : कुंभकर्ण, आळशी, ‘रात्रभर मोबाईल बघत बसला असणार’. कधीकधी ते खरंही असतं. पण त्या डुलकीमागे झोपेचा विकार असू शकतो, मनाचा त्रास असू शकतो, किंवा दोन्ही एकमेकांत अडकलेले असू शकतात. ते ओळखायचं कसं, हा आजचा पाठ.

आधी थोडं गणित करू. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. आता समजा, नाणे मावळातल्या किंवा पवन मावळातल्या एखाद्या गावातून नववीची मुलगी सात वाजताच्या शाळेला येते. एसटी गाठायची म्हणून ती पाचला उठते. आठ तास झोप हवी तर तिने नऊला झोपायला हवं. आई म्हणते, ‘मग झोप की नऊला!’ अडचण अशी की वयात येताना मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं. अंधार पडल्यावर झोपेची सूचना देणारं मेलाटोनिन नावाचं संप्रेरक या वयात तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. नऊला अंथरुणात पडली तरी ती टक्क जागीच राहते. ११ ला झोपून ५ ला उठली तर सहा तास झोप. शाळेच्या पाच दिवसांत दहा तासांची तूट. ही तूट रविवारी दुपारपर्यंत झोपून भरायला गेलं, की घड्याळ आणखी पुढे जातं आणि सोमवार सगळ्यात वाईट जातो.

म्हणूनच मला आपल्या राज्याचा एक निर्णय अर्धा पटतो. मुलांची झोप पुरी होत नाही, शाळेच्या वेळा बदलायला हव्यात, असं तत्कालीन राज्यपाल रमेश बैस २०२३ च्या डिसेंबरमध्ये म्हणाले. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला : पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण लहान मुलं मुळात लवकर झोपतात आणि लवकर उठतात. सकाळची शाळा जिवावर येते ती आठवी ते दहावीच्या मुलांच्या, आणि ती या निर्णयात नाहीत. उलट ज्या शाळा एकाच इमारतीत दोन सत्रांत भरतात, तिथे लहानांना पुढे ढकललं की मोठ्यांना पहाटे आणायची वेळ येऊ शकते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने वाढत्या वयाच्या मुलांचा विचार करून कायदा केला. तिथे २०२२ पासून माध्यमिक वर्ग साडेआठच्या आधी भरवता येत नाहीत, काही ग्रामीण शाळांचा अपवाद सोडला तर.

आता मनाकडे येऊ. पूर्वी डॉक्टरही असं मानत की माणूस उदास किंवा चिंतेत असला की झोप उडते, म्हणजे निद्रानाश हे लक्षण, मूळ आजार मनाचा. हे निम्मंच खरं निघालं. ज्यांना नैराश्य नाही पण दीर्घकाळ झोप लागत नाही, अशा लोकांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून केलेल्या अनेक अभ्यासांत त्यांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता चांगली झोपणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळली. २०१३ साली मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणातही निद्रानाशाला स्वतःचं स्वतंत्र स्थान मिळालं. आठवड्यातून किमान तीन रात्री, किमान तीन महिने, झोपायला पुरेसा वेळ असूनही झोप लागत नाही किंवा टिकत नाही आणि दिवसा त्याचा त्रास होतो, तर तो विकार समजावा.

ब्रिटनमधला २०१७ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २६ विद्यापीठांतले, झोप न लागणारे ३,७५५ विद्यार्थी घेतले. निम्म्यांना संगणकावरून फक्त झोपेचे उपचार दिले. मनाच्या इतर तक्रारींना हात लावला नाही. त्यांची झोप सुधारली, आणि सोबत नैराश्य, चिंता, उगाच संशय येणं हेही कमी झालं. म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडतं.

असं का होत असावं? भीती आणि राग यांची घंटा वाजवणारा एक भाग मेंदूत असतो. त्याला आवर घालतो तो कपाळामागचा विचार करणारा भाग. जागरण झालं की या दोघांमधला धागा सैल पडतो. म्हणून अपुऱ्या झोपेतलं मूल ‘पेन दे’ एवढ्यावरून अंगावर येतं, नाहीतर रडतं. आपण त्याला संस्कारांचा प्रश्न समजतो.

शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. झोप कमी झालेलं मोठं माणूस पेंगतं. लहान मूल पुष्कळदा उलट वागतं, चुळबुळ करतं, एका जागी बसत नाही. रोज रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं, मध्येच श्वास अडकून दचकणारं मूल असेल, तर टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे त्याची झोप रात्रभर तुटत असेल. अशा मुलावर ‘अतिचंचल’ असा शिक्का मारण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं. ‘बाबांसारखाच घोरतो’ म्हणून घरात कौतुक होतं, ते नको.

आपल्या भागाचं एक वेगळेपणही आहे. चाकण-तळेगावच्या कारखान्यांत पाळ्या चालतात. वडील रात्रपाळीहून सकाळी येतात, एका खोलीच्या घरात दिवसा झोपतात, आणि घराला ठरलेली रात्रच राहत नाही. लोणावळ्यात चिक्कीची दुकानं, हॉटेलं, भाड्याचे बंगले यांवर पोट असलेल्या घरांत शनिवार-रविवार म्हणजे जागरण. त्या घरातल्या मुलाला सोमवारी पहिल्या तासाला उभं करून प्रश्न विचारण्यात मला काही अर्थ दिसत नाही. शिवाय पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळ्यात दिवसचे दिवस ऊन नसतं, आणि शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळच्या उजेडावर. पण ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट असतो. पाऊस उघडल्यावर परिपाठ व्हरांड्यात घेतला तरी उपयोग आहे.

उपाय म्हटलं की आपल्याकडे लगेच योगाचं नाव निघतं, आणि लोणावळ्यात तर निघणारच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केलं ते आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी करण्यासाठी. तीच तपासणीची वृत्ती आपण ठेवू या. झोपण्यापूर्वी शवासन, संथ श्वास यांनी मन निवतं, मुलांना जरूर शिकवा. पण टॉन्सिलमुळे अडकणारा श्वास शवासनाने मोकळा होणार नाही, आणि खोल नैराश्यावर ‘ध्यान कर’ हे उत्तर नाही.

जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून वर्तनोपचार आहे. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. अंथरूण फक्त झोपेसाठी. अभ्यास, मोबाईल, जेवण दुसरीकडे. छोट्या घरात हे अवघड आहे, मान्य. मग निदान रात्री अंथरूण घातल्यावरच त्यावर जावं, दिवसभर त्यावर लोळू नये. वीस-पंचवीस मिनिटं झोप आली नाही तर तळमळत पडून न राहता उठून बसावं, पेंग आली की परत जावं. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको. चहातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाचेक तास लागतात. दहावीच्या पालकांना एक विशेष विनंती : रात्री जागून पाठ केलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. मेलाटोनिनच्या किंवा झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता मुलांना देऊ नका.

पुढच्या पालकसभेत गुणपत्रकासोबत एक साधं पान द्या. दोन आठवडे रोज मुलाने लिहायचं : किती वाजता पडलो, अंदाजे कधी झोप लागली, रात्री किती वेळा जाग आली, कधी उठलो, दिवसा मन कसं होतं. हे पान डॉक्टरांच्याही कामी येतं. त्यात पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणं वारंवार दिसलं, किंवा मूल बारा-बारा तास झोपूनही थकलेलं असलं, खेळ आणि मित्र सुटले असले, तर समुपदेशकाकडे न्या. उलट अजिबात झोप नाही तरी उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, हेही मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यासारखं आहे. आणि ‘जगून काय करू’ असं काही मूल बोललं किंवा वहीत लिहिलं, तर दोन आठवड्यांच्या पानाची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.